उरलेलं उद्या

आमच्या घराण्याचा धंदाच धुण्याचा. आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी धुते आणि मी आवाज धुते. जाहिरातीतल्या बाईचा श्वास काढायचा, पुढाऱ्याच्या भाषणातला खोकला काढायचा, मुलांच्या धड्यांमधून बाहेरच्या गाड्यांचे हॉर्न काढायचे, हे माझं काम. धाकटा भाऊ म्हणायचा, "तुम्ही दोघी धुवा, मी मळवतो." तो रॅप करायचा.

त्याला सगळे घोगरा म्हणत. जन्मापासून आवाज फाटका. पाळण्यात रडला तरी शेजाऱ्यांना वाटायचं, आमच्याकडे कुणीतरी जड कपाट सरकवतंय. शाळेत गाण्याच्या बाईंनी समूहगीताच्या वेळी त्याला सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव हं बाळ." त्या अपमानाचं त्याने पुढे नावच करून टाकलं. दिवसभर कुरिअरची पार्सलं वाटायचा आणि संध्याकाळी माझ्या खोलीतल्या कपाटात शिरून रेकॉर्ड करायचा. कपाटातच, कारण टांगलेल्या कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही. एका बाजूला आईचे स्वेटर, दुसऱ्या बाजूला माझा एकुलता एक कोट आणि मध्ये माइक धरून हा बाबा. त्याच्या पहिल्या अल्बमला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, अशी आमची जुनी चेष्टा होती.

त्याची काम करण्याची एक तऱ्हा होती. आधी शब्द नाहीतच. मी बीट लावली की तो डोळे मिटून नुसता बरळायचा. पण त्या बरळण्यात बाकी सगळं असायचं. कुठे चढायचं, कुठे श्वास घ्यायचा, यमक कुठे आदळायचं, हसू कुठे फुटायचं, सगळं जागच्या जागी. फक्त शब्द नसायचे. याला आम्ही 'पोकळ' म्हणायचो. एकदा पोकळ रेकॉर्ड झालं की तो स्कूटरवर हेल्मेटच्या आत ते भरत गावभर हिंडायचा. कागदावर एक अक्षर कधी लिहिलं नाही. "लिहिलं की ते शहाण्यासारखं वागायला लागतं," म्हणायचा. मग एखाद्या दिवशी बूट न काढताच कपाटात शिरायचा आणि अख्खं कडवं ओतून मोकळा व्हायचा. ते झालं की मी पोकळ पुसून टाकायचे. घर उभं राहिल्यावर परांची कोण ठेवतं?

क्लासिक अल्बम कशाला म्हणायचं, यावर आमची कडाक्याची भांडणं व्हायची. तो मनाने उदार होता. कुणाचंही काही आवडलं की म्हणायचा, क्लासिक आहे ताई, क्लासिक. मी तापट आणि कंजूष. मी म्हणायचे, मेलं काल तर आलंय, थोडं शिळं होऊ दे, आंबतंय की मुरतंय ते बघू. शेवटी निवाड्याचं काम आईकडे गेलं. म्हणजे तिला न सांगताच आम्ही तिला न्यायाधीश केलं. ती भांडी घासायला लागली की आम्ही स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर अल्बम लावायचो. बहुतेक वेळा निकाल लगेच लागायचा: "बंद करा रे ती कटकट!" कधी ती काहीच बोलायची नाही, तो अल्बम पास. पण कधीतरी, फार क्वचित, तिचा साबणाचा हात नळाकडे जायचा आणि नळ बंद व्हायचा. ऐकू यावं म्हणून. त्यावरून आमच्या घरात क्लासिकला 'नळबंद' हा शब्द पडला. मामाने आणलेल्या एका जुन्या कॅसेटला तो मान मिळाला होता. घोगऱ्याच्या पहिल्या अल्बममधल्या एका गाण्यालाही मिळाला, पण तो म्हणाला, "एका गाण्याचं काय कौतुक. पहिल्या गाण्याला नळ बंद झाला पाहिजे आणि शेवटचं संपेपर्यंत उघडता कामा नये. तसा एक अल्बम करून दाखवतो."

दुसरा अल्बम त्यासाठीच होता. आणि त्यातलं शेवटचं गाणं आईवर होतं.

त्या गाण्याची बीट मी आईच्या कामाच्या जागीच पकडली होती. धुलाईघरात चादरी इस्त्री करायचं एक अवाढव्य यंत्र आहे, दोन पलंग आडवे ठेवल्यासारखं. वरचा पत्रा खाली येताना वाफ सोडतो आणि मग बसतो. फुस्स, धप. फुस्स-फुस्स, धप. आईने त्या तालावर उभं आयुष्य काढलंय. वडील गेल्यावर आम्ही दोघं शाळेतून तिथेच जायचो आणि गरम चादरींच्या ढिगावर झोपायचो, म्हणजे आमच्या कानातही तो ताल लहानपणापासून बसलेला. घोगऱ्याने पहिलं कडवं भरलं. त्यात ती वाफ होती, आईचे भाजलेले कोपर होते, मळक्या चादरी उलगडताना ती तोंड फिरवते ते होतं. कडव्याच्या शेवटी बीट थांबते आणि तो म्हणतो, "सरकार, एक सांगायचं राहिलंय. ऐक."

आईला तो सरकार म्हणायचा. आई म्हणायचं त्याने मिसरूड फुटल्यावर सोडलं. "सरकार, आज जेवायला काय?" "सरकार, सही पाहिजे." ती चिडायची, पण ओ द्यायची.

"ऐक" म्हटल्यानंतर दुसरं कडवं. ते पोकळ होतं. त्याने ते एका दमात बरळलं, असं बरळणं मी त्याच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. आधी दबकत, मग चढत, मग मध्येच एक हसू, आणि शेवटाकडे आवाज इतका खाली की जणू कुणाच्या कानात सांगतोय. मग कपाटाच्या आतून म्हणाला, "ताई, बंद कर. उरलेलं उद्या." मी बंद केलं.

बाहेर येऊन त्याने आईला जाहीर करून टाकलं. "शेवटचं गाणं तुमच्यावर आहे, सरकार. पण आत्ता नाही ऐकवणार. शब्द येऊ देत."

"काय म्हणणार आहेस रे त्यात?" आईने विचारलं.

"ते सांगितलं तर गाणं कशाला करू?"

त्यानंतर काही दिवसांतच तो गेला. आयुष्यभर आई त्याच्या मागे लागली होती, हेल्मेटची पट्टी लाव, हेल्मेटची पट्टी लाव. आणि तो गेला एका इमारतीच्या जिन्यात. पार्सल देऊन उतरताना डोकं धरून पायरीवर बसला, तो उठलाच नाही. मेंदूतली रक्तवाहिनी, डॉक्टर म्हणाले. त्याला आणलं तेही आईच्याच हॉस्पिटलमध्ये. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या अंगावर चादर होती. आईने आधी चादरीचा कोपरा उलटून शिक्का बघितला, म्हणाली, "आपलीच आहे. माझ्या हाताखालून गेलेली." मग तोंडावरून ती बाजूला केली.

लोक आले, बसले, गेले. घर रिकामं झाल्यावर आईचं पहिलं वाक्य होतं, "ते गाणं लाव."

मी लावलं. पहिलं कडवं तिने मान खाली घालून ऐकलं. "सरकार, एक सांगायचं राहिलंय. ऐक." ती पुढे सरकून बसली. आणि मग ते बरळणं सुरू झालं. तिने माझ्याकडे बघितलं. "स्पीकर बिघडलाय का गं?"

मी तिला समजावून सांगितलं. पोकळ म्हणजे काय, शब्द कसे मागून येतात, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यात तो काय म्हणणार होता?"

"मला माहीत नाही, आई."

"तुला माहीत नाही? तू तर बाहेर बसली होतीस."

मी त्याचा फोन धुंडाळला. त्याच्या दोस्तांना विचारलं. ज्या चहाच्या टपरीवर तो दुपारी टेकायचा तिथल्या माणसालाही विचारलं. कुणाला काही बोलला नव्हता. शब्द हेल्मेटच्या आत होते, किंवा अजून आलेच नव्हते. आईला मात्र खात्री होती की ते कुठेतरी आहेत आणि मी नीट शोधत नाही. ती रोज कामावरून आली की चप्पल काढायच्या आधी विचारायची, "सापडलं का काही?"

अशात कंपनीचा माणूस आला. अल्बम काढण्याचा करार त्याच कंपनीशी होता आणि करारानुसार मी सगळ्या गाण्यांचे सुटे आवाज, म्हणजे बीट वेगळी, गळा वेगळा, त्यांना देऊनही टाकले होते. या माणसाचं नाव घोगऱ्याने 'टक्के' ठेवलं होतं, कारण तो टक्क्यांशिवाय बोलायचा नाही. माणूस वाईट नव्हता. दारातच त्याला रडू फुटलं, आणि ते रडणं खरं होतं. पहिला अल्बम त्याला शब्दन् शब्द पाठ होता. पण चहा पिऊन झाला आणि तो कामाचं बोलायला लागला.

"मॅडम, याला क्लासिक करायचंय आपल्याला."

"करायचंय म्हणजे? भाजी आहे का ती?"

"हे बघा, आजचं गणित वेगळं आहे. ऐकणारा पहिल्या काही सेकंदांत ठरवतो. त्याचा अंगठा हलला की आपण संपलो. म्हणून गाण्याचं तोंड आधी, बाकीचं मागून. गाणी छोटी. अल्बम आला की आठवड्याभरात त्यालाच चार गाणी जोडून पुन्हा काढायचा. आणि पहिल्या संध्याकाळी दहा मोठ्या लोकांनी 'क्लासिक' हा शब्द लिहिला पाहिजे. मग बाकीचे साठ-सत्तर टक्के आपोआप लिहितात."

"आणि असा क्लासिक टिकतो किती?"

त्याने खरंच विचार केला. "पुढच्या शुक्रवारपर्यंत," म्हणाला.

मला हसूही आलं आणि त्याला जिन्यावरून ढकलून द्यावंसंही वाटलं. खोटं कशाला बोला, तो बोलत होता त्यात चुकीचं काही नव्हतं. धंदा तसाच झालाय. पूर्वी अल्बम लोकांच्या घरात पडून राहायचा. कुणी भांडून ऐकायचं, कुणी चोरून, कॅसेट अडकली तर पेन्सिल घालून फिरवायचं आणि परत ऐकायचं. आता ऐकायला इतकं आहे की कशाच्या वाट्याला दुसऱ्यांदा ऐकणं येत नाही. हे टक्केला कळत होतं. त्याचं पोट त्यावर होतं, म्हणून तो रडत बसत नव्हता, एवढाच माझ्यात आणि त्याच्यात फरक.

मग तो शेवटच्या गाण्यावर आला. "अल्बमचा शेवट बरळण्यावर करता येणार नाही. दोन रस्ते आहेत. एखाद्या मोठ्या रॅपरला ते कडवं द्यायचं. नाहीतर आमच्याकडे आता कॉम्प्युटरवर सोय आहे. त्याचाच आवाज, त्याचीच लय, फक्त शब्द आपण बसवायचे. आमच्या लेखकांनी नमुना केलाय. रागावू नका, एकदा ऐका."

मी नाही म्हणणारच होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "लावा."

त्याने फोनवर लावलं. वाफ, पत्रा, "सरकार, एक सांगायचं राहिलंय. ऐक." आणि मग घोगरा बोलायला लागला. काय सांगू. आवाज त्याचाच. तीच खरखर, तेच चढणं, हसू बरोबर तिथंच. "आई, तुझ्या हातांवर माझं आयुष्य लिहिलंय, आई, तुझ्या वाफेत माझं आभाळ भिजलंय," असलं काहीतरी. शब्द म्हणाल तर वाढदिवसाच्या कार्डावरचे. पण मी वळून माझ्या खोलीच्या दाराकडे बघितलं. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरात नाही, हातात नाही, सरळ उघड्या तोंडाने रडली. तो गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती.

"काकू, आवडलं ना?" टक्केने हळूच विचारलं.

"माझ्या फोनवर द्या ते," आई म्हणाली. "आणि गाण्यात हेच ठेवा."

तो गेल्यावर आमचं भांडण झालं. इतकं मोठं, की वरच्या मजल्यावरच्यांनी खुर्च्या सरकवायच्या थांबवल्या.

"आई, हे त्याचं नाहीये. कुठल्यातरी ऑफिसात बसून कुणीतरी लिहिलंय."

"कळतंय मला. मी काय खुळी आहे का?"

"मग?"

"आवाज त्याचा आहे. तो माझ्याशी बोलतोय. तुला काय होतंय?"

"तो असलं कधी बोलला असता? वाफेत आभाळ भिजलंय म्हणे! त्याने ऐकलं असतं तर त्या लेखकाला त्याच आभाळात पिळून वाळत घातला असता. आई, हा त्याचा अल्बम आहे. त्याला अख्खा नळबंद..." मी थांबले, कारण त्या शब्दाची भानगड तिला आम्ही कधी सांगितलीच नव्हती.

"तुला अल्बम पाहिजे," आई म्हणाली. "मला माझं पोरगं पाहिजे. तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी." आणि तिने दार लावून घेतलं.

वारस म्हणून सही आईची लागणार होती. म्हणजे निकाल, नेहमीप्रमाणे, तिच्याच हातात होता. मी बोलणं टाकलं, तिनेही टाकलं. तिच्या खोलीतून दारामागून ते खोटं कडवं ऐकू यायचं. पुन्हा पुन्हा. मी हेडफोन घालून कुणा पुढाऱ्याचे खोकले काढत बसायचे आणि मनात म्हणायचे, हिच्यापुढे कुठला अल्बम आणि कुठलं काय, देऊन टाकावं हिला हवं ते. पण मग कपाटाचं दार दिसायचं आणि मन घट्ट व्हायचं. तो काम अर्धं टाकून गेला होता. निदान त्यात दुसऱ्याचं पाणी तरी मिसळू नये.

एका संध्याकाळी आई माझ्या खोलीत आली. फोन माझ्या टेबलावर ठेवला.

"यात तो मला आई म्हणतो," ती म्हणाली.

"हो."

"सारखं म्हणतो."

मी हेडफोन काढून ठेवला.

"पहिल्या दिवशी लक्षात आलं नाही. मग आलं. तरी म्हटलं असू दे, गाण्यात म्हणत असतील तसं. पण आज सकाळी ऐकताना मला वाटलं, हा दुसऱ्याच कुणाच्या आईशी बोलतोय आणि मी चोरून ऐकतेय." तिने फोन माझ्याकडे सरकवला. "पूस ते. मला पुसता येत नाही."

"राहू दे ना आई, फोनमध्ये काय हरकत आहे?"

"पूस म्हणते ना."

मी पुसलं. जिंकले की हो मी! पण असं जिंकणं कुणाच्या वैऱ्यालाही मिळू नये. तिच्याकडे खोटं का होईना, एक बोलणं होतं, तेही गेलं. आता तिच्याकडे काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने सही केली, गाणं जसं आहे तसं, पोकळसकट, आणि शेवटचं "ताई, बंद कर. उरलेलं उद्या" तेही तसंच. टक्केने कपाळाला हात लावला, पण ऐकलं. अल्बमचं नावही आम्ही तेच ठेवलं.

अल्बम आला. संध्याकाळपर्यंत तो क्लासिक झाला होता. लिहिणाऱ्यांमध्ये अख्खा ऐकलेले किती, देव जाणे. पण पुढचा शुक्रवार गेला, त्याच्या पुढचाही गेला, तरी लोक ऐकत होते. अंगठे थांबत होते, आणि थांबत होते त्या पोकळापाशीच. टक्केचा फोन आला, आवाज नुसता उकळत होता. "मॅडम, ते कडवं लोक मागे नेऊन नेऊन ऐकताहेत! असले टक्के मी नोकरीत पाहिले नाहीत!"

त्या दिवशी मी धीर करून स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर अल्बम लावला. आई भांडी घासत होती. मी दाराशी उभी राहिले, आम्ही दोघं उभे राहायचो तशी. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. नळ चालूच. आई घासतच होती, आधीच घासलेलं पातेलं परत घासत होती. शेवटच्या गाण्याची वाफ सुटली. "सरकार, एक सांगायचं राहिलंय. ऐक." आईने नळ सगळा सोडला. इतका, की पाणी भांड्यांवर आपटून तिच्या अंगावर उडायला लागलं. पोकळ ऐकूच आलं नाही. ती तशीच भिजत उभी राहिली आणि गाणं संपल्यावर ओल्या हातांनी खोलीत निघून गेली. नळ मी बंद केला.

अल्बम नापास झाला, घोगऱ्या. सगळ्या जगात पास आणि घरात नापास.

मग कंपनीने स्पर्धा काढली. 'पोकळ भरा.' त्या कडव्यात आपले शब्द बसवायचे आणि व्हिडिओ टाकायचा. मी टक्केला फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण पूर आला तो आला. शाळेच्या पोरी, रिक्षावाले, एक निवृत्त मास्तर, सगळे आपापलं काहीतरी कुणाला तरी सांगायला लागले. त्यातले काही वाईट नव्हते. काही तर ऐकून माझे डोळे भरले, आणि त्याचा मला आणखी राग आला. धुलाईघरातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत आईला फोनवर ते दाखवायच्या, कौतुकाने. एके दिवशी आई घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "सगळ्यांना सुचतंय गं. त्यालाच नाही सुचलं."

"सुचलं असतं, आई. वेळ नाही मिळाला त्याला."

"तेच म्हणते," ती म्हणाली आणि आत गेली. त्या दिवसापासून 'सापडलं का काही' हे विचारणं बंद झालं. ते बंद झालं याचं मला जास्त वाईट वाटलं.

परवा ती चष्मा घरी विसरून गेली. मी द्यायला म्हणून धुलाईघरात गेले. कितीतरी वर्षांनी गेले असेन. तोच गरम ओला वास, तेच चादरींचे ढीग, आमच्या झोपायच्या जागेवर आता ढकलगाड्या लावलेल्या. जेवणाची सुट्टी होती, बाकीच्या बायका बाहेर गेल्या होत्या. आई एकटीच यंत्रावर होती, माझ्याकडे पाठ. फुस्स, धप. फुस्स-फुस्स, धप. आणि ती काहीतरी बोलत होती.

आधी मला वाटलं, स्वतःशीच पुटपुटतेय. वय झालं. मग माझ्या कानांनी ओळखलं. हे कान त्याच्या आवाजाच्या प्रत्येक वळणावरून गेलेले आहेत, ते चुकत नाहीत. आई घोगऱ्याचं पोकळ म्हणत होती. जसंच्या तसं. दबकत सुरुवात, मग चढण, श्वास तिथंच जिथं त्याचा. नळ सगळा सोडून, दारं लावून, ऐकतच नाही असं दाखवून, हिने ते पाठ केलं होतं. फक्त ते आता पोकळ नव्हतं.

"जेवलास का," आई वाफेबरोबर म्हणत होती, "जेवलास का, डबा तसाच का आणलास, पट्टी लावलीस का, का नाही लावलीस, मोजा एकच सापडला रे, एक कुठे टाकलास, कपाट मी उघडत नाही, स्वेटर तिथंच आहेत, थंडी वाजली तरी काढत नाही..." मध्ये ती जागा आली जिथं तो हसतो. तिथे आई हसली. अगदी तेवढंच. मग आवाज खाली आला, कानात सांगावं तसा, आणि ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच.

पत्रा वर गेला. तिने पुढची चादर पसरली नाही. वळली, तर मी.

"कधी आलीस?"

"आत्ताच." मी चष्मा पुढे केला. "आई, थांबलीस का? म्हण ना पुढचं."

तिने चष्मा घेतला, पदराच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या, घातला, आणि माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यासारखं.

"पुढचं कुठे आहे गं? तो तिथंच थांबलाय."